पिकअप वाहनाचे इंजिन अडखळणे

जुन्या डिझेल पिकअप वाहनाचे इंजिन वेग वाढवताना दबणे, झटके देणे किंवा अचानक बंद पडणे, या दोषाला चालक ‘मिसिंग’ म्हणतात. लक्षण केव्हा दिसते, यावरून निदानाची दिशा ठरते. भारासह चढावर जोर कमी पडल्यास डिझेल फिल्टर तुंबल्याची शक्यता असते. तापलेले इंजिन बंद पडून निवल्यावर पुन्हा सुरू होत असल्यास क्रँकशाफ्ट सेन्सर तपासतात. कुळगाव-बदलापूर परिसरात २००५ व २०१९ साली उल्हास नदीला पूर आला होता. अशा पुरात बुडालेल्या वाहनाच्या टाकीतील पाणी आधी काढावे लागते. महागडे इंजेक्टर शेवटी उघडतात. माळशेजसारख्या घाटात इंजिन थांबल्यास पॉवर स्टिअरिंग जड होते आणि काही वेळा दाबल्यावर ब्रेकही कठीण होतो. म्हणून निदान लांबवणे धोकादायक ठरते.