ब्रह्मगिरीचे दोन उतार आणि माशांची मोजमापे

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगररांगेत पाण्याची वाटणी होते. गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे वळते, तर वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. एका खोऱ्यातला मासा सहसा दुसऱ्यात जात नाही. म्हणून दोन्हीकडचे सारखे दिसणारे मासे एकच मानायचे का, हा प्रश्न सह्याद्रीच्या मत्स्याभ्यासात पुन्हा पुन्हा येतो.

१८३९ मध्ये कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. खुद्री, कोळस, मुल्या अशी नावे त्यांनी स्थानिक बोलीतूनच उचलली. वर्णने मात्र त्रोटक होती. फ्रान्सिस डे यांच्या ‘फिशेस ऑफ इंडिया’ (१८७५–७८) या ग्रंथात खवल्यांच्या ओळी आणि परांतील काटे काटेकोरपणे मोजलेले आढळतात.

नाशिक जिल्ह्यासाठी सर्वांत मोलाचे काम १९३०च्या दशकात झाले. देवळालीजवळच्या दारणा नदीतून मुखर्जी यांनी १९३५ मध्ये जाड ओठांची ‘रासबोरा लाबिओसा’ ही जात वर्णिली. १९३८ मध्ये सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी तिथलीच ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी’ ही जात नोंदवली. याच प्रजातीतली खंडाळ्याची जात अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्येच सांगितली होती. पॅराप्सिलोऱ्हिंकस हे वेगवान ओढ्यांत खडकाला चिकटून राहणारे छोटे मासे आहेत. ओठामागची मांसल गादी, मिशा, खवले आणि शरीराची प्रमाणे बारकाईने पाहिल्याशिवाय त्यांच्या जाती वेगळ्या काढता येत नाहीत.

पण माशाचे शरीर भोवतालच्या पाण्यानुसारही घडते. डेन्मार्कच्या टोनिंग यांनी ट्राउटची अंडी वेगवेगळ्या तापमानांत वाढवली, तेव्हा मणक्यांची संख्याच बदलली. त्यामुळे मोजणीतला फरक म्हणजे वंशाचा फरक, असे थेट म्हणता येत नाही. १९८२ मध्ये स्ट्रॉस आणि बुकस्टाइन यांनी शरीरावरचे ठरावीक बिंदू एकमेकांशी जोडून अंतरे मोजणारी ‘ट्रस’ पद्धत मांडली. माशाचा आकार जास्त नेमका पकडणारी ही पद्धत पुढे भारतीय किनाऱ्यावरच्या बोंबलाचे साठे (वेगवेगळे समूह) ओळखण्यासाठीही वापरली गेली.

अलीकडे मोजमापांना डीएनएची जोड मिळाली. भीमा खोऱ्यातली ‘पेथिया संजयमोलुरी’ २०१६ मध्ये स्वतंत्र जात ठरली. देवळालीची ‘प्रेटेरी’ मात्र आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. दारणेत तिचा शोध घेऊन नमुन्यांची नव्याने मोजणी होणे अत्यंत गरजेचे आहे.