दोन चुका आणि एक पॉट

पूलच्या टेबलावर बॉल पडला की समोरचा क्यूचं बूड जमिनीवर आपटून दाद देतो. तो नेमका कशामुळे पडला, हे कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षं खेळूनही आमच्यासारख्यांचा खेळ जागच्या जागी राहतो, त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

पुण्यातल्या ज्या पार्लरमध्ये मी संध्याकाळी जातो, तिथले बरेच जण कॉलेजपासून खेळतायत. केस पिकले, स्वतःचे महागडे क्यू आले, पण सलग चार बॉल पाडणारा आजही चारच पाडतो. पहिल्या वर्षी माणूस झपाट्याने सुधारतो, मग गाडी अडते ती अडतेच.

यामागचं गणित निर्दय आहे. बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर. पांढरा आणि रंगीत बॉल यांच्यात मीटरभर अंतर आहे आणि शॉट अगदी सरळ आहे असं धरा. क्यूची दिशा एका अंशाने चुकली, तर पांढरा सुमारे साडेसतरा मिलिमीटर बाजूला पोचतो आणि रंगीत बॉल जवळपास १८ अंशांनी भरकटतो. पॉकेटही तिथून मीटरभर लांब असेल, तर रंगीत बॉलला इकडेतिकडे जायची मुभा जेमतेम दोन अंश. म्हणजे हाताला सवलत मिळते ती अंशाच्या दहाव्या भागाएवढी!

तरीही बॉल पडतात. कारण चुका एकमेकींना सांभाळून घेतात.

समजा, ऐन वेळी माझं मनगट वळलं आणि टिप पांढऱ्याच्या मध्याच्या जरा डावीकडे लागली. तसा लागलेला पांढरा क्यूच्या रेषेत न जाता किंचित उजवीकडे सरकून निघतो, रंगीत बॉलच्या उजव्या अंगाला लागतो आणि त्याला डावीकडे पाठवू बघतो. पण त्याच डावीकडच्या फटक्यामुळे आलेली फिरकी, खेळाडूंच्या भाषेत 'साइड', टक्करीच्या क्षणी घर्षणाने रंगीत बॉलला उजवीकडे ओढते. भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्यांच्या धड्यात भेटणाऱ्या कोरिऑलिसने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या बॉलच्या असल्याच चालींवर अख्खा ग्रंथ लिहिला होता. या ओढाताणीतून जो फरक उरतो, तो डोळा नकळत नेम हलवून भरून काढतो. बॉल पडतो. डोळ्याला वाटतं नेम बरोबर होता, हाताला वाटतं क्यू सरळ गेला.

ही तडजोड एका ठरावीक अंतराला आणि ठरावीक जोराला चालते. अंतर वाढलं की पांढऱ्याचं सरकणं वाढतं, हळू मारलं की फिरकीची ओढ वाढते, पावसाळ्यात कापड दमट होऊन बॉल रेंगाळायला लागले की सगळंच बिनसतं. मग आपण म्हणतो, आज हात बसत नाहीये.

आता यातली एकच चूक सुधारा. क्यू सरळ यायला लागतो, नेम मात्र जुन्या सवयीने सरकलेलाच असतो, आणि डोळे मिटून पडणारे बॉलही हुकतात. हा काळ फार वाईट. त्यात हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, हा पार्लरचा अलिखित कायदा. खिसा हलका व्हायला लागला की कुणीही जुन्या, पैसे वाचवणाऱ्या चुकीकडे परत जातो. शिवाय तासाचं भाडं भरून निम्मा वेळ आपण खुर्चीत बसून दुसऱ्याचा खेळ बघत असतो, आणि आपली पाळी येते तेव्हा मघाचा शॉट पुन्हा येत नाही. याला सराव म्हणायचं धाडस मला होत नाही.

पार्लरमध्ये गुण मांडणारे आमचे मार्करकाका जुन्या बिलियर्ड्स रूममध्ये वाढलेले. पुण्यातच जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये ज्या बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, त्यात टेबलावर तीनच बॉल. आपला बॉल मारल्यावर कुठे थांबतो यावर सगळा खेळ. त्यामुळे काकांना पॉटचं, म्हणजे बॉल पाडण्याचं, कौतुक नाही. "दादा, पडला ते सोडा. पांढरा कुठं गेला ते बघा." पांढरा कुशनला लागून अपेक्षेपेक्षा वेगळ्या कोनात उसळला, की नको असलेली साइड तिथे उघडी पडते. त्यांचा धडाही बिनपॉटचाच. पट्ट्याचा एक बॉल घ्यायचा, पट्टा उभा लावायचा आणि समोरच्या कुशनवर सरळ मारायचा. मधोमध लागला तर पट्टा न डगमगता फिरतो आणि बॉल परत टिपपाशी येतो. अतिशय कंटाळवाणा प्रकार. बघायला कुणी थांबत नाही, आणि शेजारच्या टेबलावरची पोरं हसतात ते वेगळंच.

त्यानंतर थोडा वेळ भुताशी, म्हणजे समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी, सामना. ब्रेक करायचा, पांढरा हवा तिथे ठेवायचा आणि नंबराच्या क्रमाने टेबल साफ करायचं. एक जरी हुकला तरी भूत जिंकलं. मुरलेले खेळाडू हे नऊ बॉलवर खेळतात, मी सध्या तीनवर आहे. बहुतेक वेळा भूतच जिंकतं, आणि कायद्याप्रमाणे टेबलाचे पैसे मी देतो.