मुंबई ते लंडन : विमानमार्गाचे अंतर आणि प्रवासाचा काळ

गोव्यातील अनेक कुटुंबांचे आप्तस्वकीय शिक्षण वा नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये वास्तव्य करून आहेत. त्यांच्या भेटीस जाणारे बरेच प्रवासी मुंबईमार्गे लंडनला जातात. हिवाळ्यात दुपारी १ वाजता मुंबईहून सुटलेले विमान सायंकाळी साडेपाचला लंडनला पोहोचले आणि परतीचे विमान रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईत उतरले, तर जाण्यास साडेचार व येण्यास साडेचौदा तास लागले, असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः पहिला प्रवास दहा तासांचा व दुसरा नऊ तासांचा असतो.

या दोन विमानतळांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो इराण, कॉकेशस व काळ्या समुद्रावरून जातो. सपाट नकाशावरील सरळ रेषा मात्र याच्या दक्षिणेकडून जाते. ती दिसण्यात जवळची असली, तरी प्रत्यक्षात लांबची होय.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत कापले जावे. तथापि विमानास नेहमीच जवळचा मार्ग मिळत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या हद्दीतून जाण्यास भारतीय विमानांना मनाई केली. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो. शिवाय उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहत असल्याने ते जाताना विरोध करतात व येताना साहाय्य करतात. धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही वेळापत्रकात धरलेला असतो.

८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जून रोजी लंडनला पोहोचले. त्या मानाने आजचा प्रवास पुष्कळच सुकर झाला आहे.

घड्याळाचा हिशेब मात्र प्रवाशांनी स्वतः ठेवावयास हवा. तिकिटावर त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. भारतीय वेळ लंडनच्या वेळेपेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा असतो. दोन्ही वेळा भारतीय वेळेत मांडल्यास प्रवासाचा खरा काळ तत्काळ कळतो.

परतीच्या प्रवासात तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. रात्री लंडनहून निघणारा प्रवासी दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरतो. निघण्याच्याच तारखेचे मुंबई–गोवा तिकीट काढल्यास ते वाया जाते. पारपत्र तपासणी, सामान व सीमाशुल्क हे सोपस्कार मुंबईतच उरकावयाचे असल्याने, पुढील विमानापूर्वी पुरेसा अवधी राखणे हिताचे ठरेल.