मधमाश्यांच्या आडून 'हेलो २'

२००४ च्या जुलैत अमेरिकेतील चित्रपटगृहांतून दाखविल्या गेलेल्या 'हेलो २' या व्हिडिओ गेमच्या जाहिरातपटाअखेरीस 'आय लव्ह बीज' हा संकेतस्थळाचा पत्ता निमिषमात्र झळकला. परंतु कुतूहलाने तेथे पोहोचलेल्यास गेमचे नावनिशाणही न आढळता, एका मधुमक्षिकापालिकेचे, कोणा अज्ञात शक्तीने विस्कटलेले दप्तर तेवढे दृष्टीस पडे. त्यातील आकडे म्हणजे सार्वजनिक दूरध्वनींचे अक्षांश-रेखांश होत, हा उलगडा होताच लोक मुक्रर वेळी त्या दूरध्वनींपाशी तिष्ठू लागले, आणि घंटेगणिक एका विज्ञानकथेचे धागेदोरे त्यांच्या हाती येत गेले. '४२ एंटरटेन्मेंट' या संस्थेने रचलेल्या या गूढाचे इंगित एवढेच, की ९ नोव्हेंबरला गेम विक्रीस येण्यापूर्वीच ग्राहक त्या कथेचा भागीदार झाला होता.