अलौकिक शक्ती आणि रोजचा संसार

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेले असल्याने मोताळ्यातील आमच्या घरी रात्री सारे दूरचित्रवाणीसमोर एकत्र बसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ या मालिकेने आम्हां सर्वांना बांधून ठेवले. तितीक्षा तावडे यांनी साकारलेल्या नेत्राला पुढे घडणाऱ्या अशुभ घटना आधीच दिसतात. तरीही सून म्हणून घर सांभाळणे तिला चुकत नाही.

त्याच वर्षी ‘मिस मार्व्हल’ ही सहा भागांची अमेरिकन मालिका आली. तिच्यातील जर्सी सिटीची कमला खान अद्भुत शक्ती लाभल्यावरही आईची बोलणी खाते. १९७५ च्या ‘वंडर वुमन’मधील डायनाही एरवी कार्यालयात काम करणारी साधी स्त्रीच. काळ बदलला, वेश बदलला. दुहेरी जबाबदारी मात्र कायम राहिली.

आमची सून जीएसटीची विवरणपत्रे भरते, नातीचा अभ्यास घेते, सासूची औषधे वेळेवर देते आणि मुलगा खरेदीसाठी मलकापूरला गेला की दुकानही उघडते. एका रात्री मी कौतुकाने म्हणालो, “बेटा, तूही सुपरवुमनच!” ती हसून उत्तरली, “बाबूजी, त्यापेक्षा त्या दिवशी दुकान तुम्ही उघडत जा.”

बँकेत आयुष्य घालवूनही मला उमगले नव्हते, की कोरडी प्रशंसा जमेच्या बाजूला धरता येत नाही. आता दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.