पापमुक्तिपत्राचा हिशेब

शाळेच्या पुस्तकात हे एका वाक्यात उरकलेले असते: चर्च पैसे घेऊन पापमुक्तिपत्रे विकत असे आणि मार्टिन लूथरने त्याला विरोध केला. यात खोटे काही नाही, पण विकले नेमके काय जात होते आणि पैसा कुठे जात होता, हे त्यातून कळत नाही.

आधी माल पाहू. चर्चच्या शिकवणीत पापाचे दोन भाग होते, दोष आणि शिक्षा. धर्मगुरूपुढे पश्चात्तापाने कबुली दिली की दोष मिटे. शिक्षा मात्र उरे. ती इथे प्रायश्चित्त करून फेडायची, नाहीतर मेल्यावर परगेटरीच्या आगीत. पत्राने माफ होई ती ही उरलेली शिक्षा. संतांनी गरजेपेक्षा जास्त पुण्य साठवले आहे आणि त्या कोठाराची किल्ली पोपकडे आहे, असा त्यामागचा आधार. १४७६ मध्ये पोप चौथ्या सिक्स्टसने ही सवलत मेलेल्यांनाही लागू केली. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. स्वतःसाठी पत्र घ्यायचे तर कबुली द्यावी लागे. मेलेल्या आईसाठी घ्यायचे तर नुसते पैसे टाकले तरी चाले. आईच्या नावाने मागितल्यावर नाही कोण म्हणणार?

आता पैशाकडे वळू. ब्रांडेनबुर्ग घराण्याचा आल्ब्रेख्त १५१३ मध्ये माग्डेबुर्गचा आर्चबिशप झाला आणि पुढच्याच वर्षी माइन्त्सचाही. वय अवघे चोवीस, नियमाने हवे तीस. शिवाय एका माणसाकडे दोन आर्चबिशपपदे. दोन्हींसाठी रोमची खास परवानगी लागे, आणि ती फुकट मिळत नसे. माइन्त्सची तिजोरी तर आधीच्या दहा वर्षांत दोनदा नव्या आर्चबिशपची फी भरून रिकामी झालेली. मग आल्ब्रेख्तने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून सुमारे २९,००० गुल्डन उचलले. फेडायचे कसे, याची सोय १५१५ मध्ये पोप दहाव्या लिओने करून दिली: आठ वर्षे आपल्या मुलखात पापमुक्तिपत्रे विका, निम्मे रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकेच्या बांधकामाला, निम्मे तुमच्या कर्जाला. लोकांना मात्र बॅसिलिकेचेच नाव सांगितले जाई.

विक्रीची व्यवस्था चोख होती. योहान टेट्झेल हा डॉमिनिकन साधू गावात येई तो वाजतगाजत. पोपचे फर्मान पुढे, क्रूस उभारलेला, मग प्रवचन. पेटीजवळ फुगरांचे कारकून हजर असत. दर ऐपतीप्रमाणे होते: राजे आणि बिशप २५ गुल्डन, मोठे सरदार १०, व्यापारी ३, कारागीर १. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने प्रार्थना आणि उपास करावेत, अशीही तरतूद होती. पत्रे छापील असत. नाव आणि तारीख भरायला जागा कोरी. हे तंत्र तेव्हा नवे नव्हते. १४५४ मध्ये, गुटेनबर्गचे बायबल अजून पुरे व्हायचे असताना, छापखान्यातून अशीच पत्रे बाहेर पडली होती. तीही माइन्त्समध्येच.

शेजारच्या सॅक्सनीत टेट्झेलला बंदी होती. तिथला इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला शासक) फ्रेडरिक काही सुधारक नव्हता. विटेनबर्गच्या किल्ल्यातील चर्चमध्ये त्याने स्वतःच संतांचे हजारो अवशेष जमवले होते आणि त्यांच्या दर्शनानेही शिक्षेत सूट मिळे. आपला पैसा ब्रांडेनबुर्गवाल्यांच्या पेटीत जावा, हे त्याला नको होते. तरी लोक हद्द ओलांडून युटरबोगला जात, पत्र घेऊन विटेनबर्गला परतत आणि आता कबुलीची काय गरज, असे तिथे कबुली ऐकणाऱ्या लूथरलाच विचारत.

लूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी पापमुक्तिपत्रांबद्दलची आपली ९५ विधाने एका पत्रासोबत पाठवली, ती आल्ब्रेख्तलाच. चर्चच्या दारावर ती ठोकली होती की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पत्राबद्दल मात्र वाद नाही. आपल्या नावावर काय चालले आहे हे आर्चबिशपला ठाऊक नसावे, अशा समजुतीने ते लिहिलेले आहे. फुगरांच्या कर्जाची लूथरला तेव्हा कल्पनाच नव्हती. आल्ब्रेख्तने ते सारे रोमला पाठवून दिले.