वायफाय फुल, तरी नेट बंद? आधी घरातल्या नेटवर्कचे हे शब्द समजून घ्या

फोनवर वायफायच्या सगळ्या कांड्या फुल आहेत, पण आज शेवटची तारीख असलेला फॉर्म काही केल्या उघडत नाही. अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवा: वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय हा फक्त फोनपासून राउटरपर्यंतचा बिनतारी रस्ता आहे. पुढचा रस्ता वेगळा असतो आणि बिघाड कुठेही असू शकतो.

फायबर आणि ओएनटी
घरात येणाऱ्या फायबरमध्ये काचेचा केसासारखा बारीक धागा असतो. त्यातून डेटा उजेडाच्या रूपात येतो. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी भारतनेट योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तीही याच तंत्रावर चालते. हा उजेड ओळखणारी पेटी म्हणजे ओएनटी. बऱ्याच घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. त्यावरचा 'एलओएस' दिवा लाल असेल, तर उजेड घरापर्यंत पोहोचतच नाहीये. वायर कुठेतरी मुडपली किंवा तुटली असेल.

राउटर आणि आयपी ॲड्रेस
नगरच्या जुन्या वाड्याला बाहेरून पत्ता एकच, आत बिऱ्हाडं अनेक. राउटरचंही तसंच. तो घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला १९२.१६८ ने सुरू होणारा किंवा तसाच आतल्या वापराचा नंबर देतो. हाच आयपी ॲड्रेस. बाहेर मात्र सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. ह्या सोयीला नॅट म्हणतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत, म्हणून ही काटकसर.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ
५ वर स्पीड जास्त, पण भिंत आली की रेंज पटकन पडते. २.४ चा स्पीड कमी, पण पोहोच लांब. दगडी किंवा जाड भिंतींचं घर असेल, तर आतल्या खोलीत २.४ लावा.

डीएनएस
ही इंटरनेटची फोनबुक. तुम्ही वेबसाइटचं नाव टाकता, डीएनएस त्याचा आयपी शोधून देतं. जाहिराती बंद करायला फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' टाकला असेल आणि तो बंद पडला, तर चांगलं नेट असूनही साइट उघडत नाहीत.

मग बिघाड शोधायचा कसा?
१. मोबाइल डेटा बंद करा. वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टॅप केलं की 'गेटवे' किंवा 'राउटर' असा नंबर दिसेल. तो ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं लॉगिन पान उघडलं, तर तुमचं वायफाय ठीक आहे.
२. एलओएस लाल आहे का बघा. असेल तर रीस्टार्ट करत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा.
३. लाल नसेल, तर प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक' करून बघा.
४. एकाच फोनवर नेट बंद असेल तर दोष बहुधा फोनचा. सगळ्यांवर बंद असेल तर राउटर किंवा लाइनचा.

आता केबलवाल्याला फोन लावाल तेव्हा "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. "वायफाय ठीक आहे, एलओएस लाल आहे" असं सांगा. मग तो राउटर बंद-चालू करायला न लावता थेट लाइन तपासायला येईल. आणि फॉर्मची वेळ संपत आली असेल, तर वाट बघू नका. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट घ्या आणि आधी फॉर्म भरा.